खेळात मोठ्यांची जागा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात सकाळी मारबतीची मिरवणूक निघते आणि दुपार कलली की तान्हा पोळा भरतो. महाल या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांमधून लाकडी नंदी रस्त्यावर येतात. कुणाचा वीतभर, तर कुणाचा दोघा-तिघांनी मिळून ओढावा लागेल एवढा. अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात माळ. दोरी मुलाच्या हातात असते. मागून आई, आजोबा, काका असे कुणीतरी चालत असते आणि दारोदारी मुलाला बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळतो. ही प्रथा दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळी सुरू झाली असे नागपूरकर मानतात. मुलांच्या खेळाचा विचार करणाऱ्याने या सणाकडे थोडे थांबून पाहावे. नंदी मोठी माणसे विकत आणतात, सजवायला तीच बसतात, आणि समोरच्या घरातली बाई त्या लाकडाच्या बैलाला खऱ्या बैलासारखे कुंकू लावते, म्हणजे खेळातले खोटे तीही मनापासून खरे मानते. मोठ्यांशिवाय हा खेळ उभाच राहणार नाही. तरीही त्यांच्यापैकी कुणी बैलाचा धनी होत नाही. अर्धे खेळात, अर्धे खेळाबाहेर, अशी त्यांची जागा असते. लहान मुलाच्या खेळात आईबापांची जागा नेमकी कोणती असावी आणि ती घेतल्याने मुलाला काय मिळते, यावर गेली शंभर वर्षे शिक्षक, डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ वाद घालत आले आहेत. त्या वादाचा हा आढावा आहे.

हक्क मुलाचा, काम कुणाचे?

आरंभीच एक घोळ दूर करायला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क करारातील 31वे कलम मुलाला खेळण्याचा हक्क देते. भारताने हा करार 1992मध्ये मान्य केला. 2024पासून 11 जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिन झाला. पण मुलाला खेळायला मिळाले पाहिजे हे एक विधान झाले आणि आईबापांनी त्याच्याशी खेळले पाहिजे हे दुसरे. पहिल्याबद्दल आज फारसा वाद नाही. दुसरे विधान बरेच नवे आहे. 2018मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी बालसंगोपनाची जी चौकट मांडली, तिच्यात आरोग्य, पोषण आणि सुरक्षितता यांच्या जोडीला ‘प्रतिसाद देणारे संगोपन’ आणि ‘लवकर शिकण्याच्या संधी’ ही दोन कलमे आली. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या डॉक्टरांना, तपासणीच्या वेळी पालकांना खेळाबद्दलही सांगा, अशी शिफारस केली. भारतात महिला व बालविकास मंत्रालयाने 2024मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. त्यात 36 महिन्यांवर विभागलेल्या 140 कृती आहेत. लस कधी टोचायची हे सरकारने सांगणे आपल्या अंगवळणी पडले आहे. कितव्या महिन्यात बाळाशी काय खेळायचे हेही आता सरकार सांगू लागले आहे. या सल्ल्यामागचा पुरावा किती भक्कम आहे, हे तपासणे म्हणूनच गरजेचे.

आपल्याकडच्या तीन वाटा

मराठी मुलखात या प्रश्नाकडे जाणाऱ्या तीन जुन्या वाटा आहेत आणि त्या एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत. पहिली घरच्या रीतीची. तेल चोळताना बाळाशी बोलणे, पायांवर बसवून झुलवणे, एकेक बोट धरून बडबडगीत म्हणणे, पदराआडून तोंड लपवून ‘भो’ करणे, उभे राहू लागल्यावर पांगुळगाडा देणे, संक्रांतीला बोरन्हाण घालणे. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची असते. वास घ्या, डबा हलवून पाहा, घरातल्या बाईला उलटसुलट प्रश्न विचारा. खिरापत ओळखण्याची ही घासाघीस भाषेचा आणि तर्काचा उत्तम खेळ आहे, आणि त्यात समोर मोठे माणूस लागतेच. पण या रीतीत ‘पालक’ म्हणजे आईबाप दोघेच असे कधी नव्हते. महालातल्या वाड्यात मूल ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून शेजारच्या चुलीपाशी अनेक हातांतून फिरत असे. बापाचे स्थान तर अवघडच होते. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे मूल कडेवर घेणे वा त्याचे उघड कौतुक करणे बापाला शोभत नाही, हा संकेत सुधीर कक्कर यांनी ‘द इनर वर्ल्ड’ या 1978च्या पुस्तकात नीट उलगडून दाखवला आहे. भावांच्या मुलांत दुजाभाव दिसू नये, हे त्यामागचे कारण. त्या रचनेत ते सुसंगत होते. बाप निर्दय होता म्हणून ते नव्हते.

दुसरी वाट माँटेसोरींची. मारिया माँटेसोरी यांनी 1907मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह उघडले. योग्य साधने हाताशी ठेवली की मूल स्वतःच काम करते आणि मोठ्यांनी मध्ये लुडबुड करू नये, हा त्यांचा आग्रह. गिजुभाई बधेका यांनी 1920मध्ये भावनगरला बालमंदिर काढले ते याच विचारातून. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे तिथे त्यांना मिळाल्या आणि 1926मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1945मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षण केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत गेल्या, आणि 1957मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शिंपले, दगड, पाने यांवर काम चालवणे आणि बालवाडी मुलांच्या अंगणात नेणे हे या दोघींचे मोठे काम. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. तरी गाभा माँटेसोरींचाच राहिला. मोठ्यांचे काम मांडामांड करण्याचे आणि नजर ठेवण्याचे. खेळगडी होणे त्यांच्याकडून अपेक्षित नव्हते.

तिसरी वाट नागपूरहून जेमतेम दोन तासांवरच्या सेवाग्रामची. 1937च्या वर्धा परिषदेतून, हाताच्या कामातून शिक्षण देणारी नई तालीम पुढे आली. गांधीजींनी नंतर तिचा आवाका वाढवला आणि शिक्षण शाळेच्याही आधी घरातच सुरू होते अशी मांडणी केली. सेवाग्रामला पूर्व-बुनियादी वर्ग चालले. या विचारात मूल मोठ्यांच्या कामात सामील होऊन शिकते. केर काढणे, पाणी आणणे, कापूस निवडणे. मोठ्यांनी मुलाच्या पातळीवर उतरून खेळण्यापेक्षा मुलाला आपल्या कामात जागा द्यावी, असा हा रोख. तीनही वाटांत मोठ्यांना स्थान आहे, पण ‘रोज अर्धा तास मुलाशी खेळा’ असे तिन्हींपैकी एकही सांगत नाही. आजचा सल्ला आला तो चौथीकडून, प्रयोगांच्या वाटेने.

पुरावा कुठून आला

या वाटेवरचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास जमैकातला आहे. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील 9 ते 24 महिन्यांची, वाढ खुंटलेली 129 मुले घेतली आणि त्यांचे चार गट केले. एकाला दुधाची पूरक पावडर, दुसऱ्याला आठवड्यातून एकदा घरी येणारी आरोग्यसेविका, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला यातले काहीच नाही. घरी येणारी बाई तासभर बसे, टाकाऊ वस्तूंची खेळणी काढी आणि आईला त्यांवर मुलाशी कसे खेळायचे ते करून दाखवी. निघताना खेळणी ठेवून जाई, पुढच्या खेपेला बदली. हे दोन वर्षे चालले. 1991मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत आहार आणि खेळ दोन्हींचा स्वतंत्र फायदा दिसला. खरी बातमी पुढे आली. तीच मुले 22 वर्षांची झाल्यावर शोधून काढली, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ गेला होता त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली. हे 2014मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आले आणि अर्थशास्त्रज्ञांनी कान टवकारले. मुलाशी खेळणे ही हौस राहिली नाही, गुंतवणूक झाली. या भाषेने सरकारे हलली हे खरे. त्याचबरोबर एका देशातल्या, सव्वाशेच्या आसपास मुलांच्या अभ्यासावर फार मोठे ओझे येऊन पडले, हेही नोंदवायला हवे.

सुदैवाने पुढचे अभ्यास भारतातही झाले. कटकच्या झोपडपट्ट्यांत सुमारे 420 मुलांवर तोच जमैकाचा कार्यक्रम, ओडिया घराला रुचेल अशा खेळण्यांनिशी, दीड वर्ष चालवला. 2020मध्ये आलेल्या निष्कर्षांत मुलांच्या आकलनात स्पष्ट वाढ दिसली. शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभे असलेले मूल साधारण 64व्या जागी जाईल, एवढी. ग्रामीण ओडिशातल्या 192 गावांत आणखी एक प्रश्न विचारला गेला: एकेका घरी जाण्यापेक्षा आयांना गटात बोलावले तर? फायदा जवळजवळ तेवढाच मिळाला आणि खर्च घरभेटींच्या एक तृतीयांशाहूनही कमी झाला. आपल्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा, कारण आपल्याकडे अंगणवाडी आहे आणि गट जमवणे सेविकेच्या हातात आहे. विदर्भातच, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि राज्याच्या बालविकास योजनेबरोबर ‘आरंभ’ हा उपक्रम उभा केला. सेविकांचे प्रशिक्षण, गृहभेटी आणि पालक मेळावे असे त्याचे स्वरूप. मेळाव्यात आईबाप आणि आजी-आजोबा घरातल्याच वस्तूंनी मुलाशी खेळून पाहतात. नई तालीमच्या गावातून, बदललेल्या प्रश्नासह, पुन्हा त्याच वयाकडे हे वळणे अर्थपूर्ण आहे.

एकेकट्या अभ्यासांपेक्षा त्यांची बेरीज जास्त बोलते. 2021मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये 33 देशांतील 102 प्रयोगांचा एकत्रित आढावा आला. पहिल्या तीन वर्षांत पालकांना मदत करणाऱ्या कार्यक्रमांनी आकलन, भाषा, हालचाल या तिन्हींत मुलांचा फायदा झाला, असा त्याचा निकाल. दोन तपशील मला विशेष वाटतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आकलनावरचा परिणाम श्रीमंत देशांच्या तिपटीहून अधिक होता. आणि मुलाच्या खाणाखुणा ओळखून प्रतिसाद द्यायला शिकवणारे कार्यक्रम इतरांपेक्षा जास्त उपयोगी ठरले. म्हणजे खेळण्यांच्या संख्येपेक्षा, खेळाच्या तासांपेक्षाही, मुलाच्या हाकेला ओ मिळते की नाही हे निर्णायक दिसते. हार्वर्डमधील बालविकास केंद्र याच गोष्टीला टेनिसमधल्या चेंडूच्या परतीची उपमा देते. आपल्या भाषेत हाक आणि ओ हेच शब्द जास्त नेमके आहेत. बाळ आवाज काढते, आई तोच आवाज थोडा बदलून परत देते, बाळ थांबते, हसते, पुन्हा काढते. या फेऱ्यांतून भाषा उभी राहते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी 1976च्या एका निबंधात तोंड लपवण्याच्या खेळाचे बारकाईने निरीक्षण मांडले आहे. आधी आई लपते आणि बाळ पाहते. काही महिन्यांनी बाळ स्वतः लपू लागते आणि आईने चकित व्हावे अशी अपेक्षा करते. खेळ तोच असतो, सूत्रे मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जातात. मोठ्यांच्या जागेबद्दल मिळालेले सर्वांत स्पष्ट उत्तर मला यात दिसते: ती जागा आहे, पण ती सरकती आहे.

आक्षेप

पहिला आक्षेप मानववंशशास्त्राचा आणि तो वजनदार आहे. डेव्हिड लॅन्सी यांनी 2007मध्ये ‘अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट’मध्ये दाखवून दिले की आईने मुलाशी खेळत बसणे ही जगभरची रीत नाही, ती प्रामुख्याने शिकलेल्या, शहरी मध्यमवर्गाची आहे. बहुतेक समाजांत मूल भावंडांशी आणि शेजारच्या पोरांशी खेळते, आणि मोठ्यांनी खेळणे हास्यास्पद मानले जाते. तरीही ती मुले वाढतात, शिकतात, संसार करतात. बार्बरा रोगॉफ आणि सहकाऱ्यांनी 1993मध्ये चार समाजांची तुलना केली. ग्वातेमालातले माया गाव, तुर्कस्तानातली आणि अमेरिकेतली शहरी घरे, आणि भारतातले एक आदिवासी गाव. शहरी घरांत आया मुलांच्या खेळगड्या आणि शिक्षिका झालेल्या दिसल्या. गावांमध्ये मुले मोठ्यांच्या कामाजवळ राहून, एकाच वेळी अनेक गोष्टींवर लक्ष ठेवत शिकत होती. सेवाग्रामचा विचार आणि हा निष्कर्ष एकमेकांच्या किती जवळ आहेत! मग गरीब वस्तीतल्या आईला खेळायला शिकवणे म्हणजे मध्यमवर्गाची रीत तिच्यावर लादणे नव्हे काय?

या आक्षेपातले तथ्य मान्य करूनही त्याला उत्तर आहे. शेती, गुरे आणि हस्तकौशल्य यांच्या जगात मूल मोठ्यांच्या कामाजवळ बसू शकत होते. आज महालातल्या घरातला कर्ता माणूस दुकानात, दवाखान्यात किंवा कचेरीत जातो. त्याचे काम मुलाला दिसतही नाही, मग त्यात जागा कुठून मिळणार? अंगणे गेली, वाड्यांच्या जागी फ्लॅटच्या स्कीम आल्या, गल्लीत दुचाक्यांची रांग असते. सुझन सेमूर यांनी भुवनेश्वरच्या जुन्या गावातली आणि नव्या राजधानीच्या वसाहतीतली कुटुंबे कित्येक वर्षे पाहिली आणि 1999मध्ये पुस्तकरूपाने मांडली. जुन्या गावात मूल अनेक हातांत वाढे. नव्या वसाहतीतल्या लहान घरांत आई आणि मूल यांचे नाते एकास एक होत गेले. रीत घराच्या रचनेबरोबर बदलते. ज्या आधारावर जुनी रीत उभी होती तो सुटला की तिचे काम दुसऱ्या कुणी तरी करायला हवे. शिवाय ज्या मुलांना पुढे शाळेत बसायचेच आहे, त्यांच्यासाठी घरातल्या बोलण्याचा शाळेच्या भाषेशी संबंध येतो. लॅन्सींचा मुद्दा यामुळे खोटा पडत नाही, मर्यादित होतो. खेळणे ही आईची नैसर्गिक प्रवृत्ती आहे आणि न खेळणारी आई उणी आहे, असे म्हणण्याचा अधिकार तो आपल्याकडून काढून घेतो. आणि तेवढे त्याने करायलाच हवे होते.

दुसरा आक्षेप माँटेसोरी परंपरेचा. मोठे माणूस खेळात आले की खेळ त्याचा होतो. याला प्रयोगाचाही आधार आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी 2011मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांना अनेक करामती दडलेले एक खेळणे दिले. काही मुलांना मोठ्या माणसाने ‘हे असे वाजते’ असे शिकवून दिले, काहींना मुद्दाम शिकवले नाही. शिकवलेली मुले तीच एक करामत पुन्हा पुन्हा करत बसली. न शिकवलेल्यांनी इतर करामती जास्त शोधल्या. मुलाच्या हातातून ठोकळा घेऊन ‘असे नाही, असे’ म्हणणाऱ्या प्रत्येक बापाने हा प्रयोग वाचावा. पण उलट बाजूही पुराव्यातच आहे. 2022मध्ये ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’मध्ये आलेल्या एका आढाव्यात, मूल पुढे आणि मोठे माणूस इशाऱ्यापुरते अशा खेळाने सुरुवातीचे गणित आणि आकारांची ओळख थेट शिकवण्यापेक्षा चांगली झाल्याचे दिसते. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर विसंगती उरत नाही. उत्तर तयार ठेवणारे मोठे माणूस खेळाला आवळते, प्रश्न सैल सोडणारे त्याला रुंद करते. ताराबाईंच्या बालवाडीत नजर ठेवणाऱ्या शिक्षिकेलाही कुठे बोलायचे आणि कुठे गप्प बसायचे हे ठरवावे लागतच होते.

तिसरा आक्षेप पुराव्याच्याच पोटातला आहे. खेळाच्या नावावर फार काही खपवले जाते. कल्पनेतल्या खेळाने, म्हणजे घरघर, भातुकली, चोर-शिपाई यांनी सर्जनशीलता, बुद्धी, आत्मसंयम सारे वाढते, असे पालकांच्या मासिकांत सर्रास छापले जाते. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी 2013मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये अनेक दशकांचे अभ्यास चाळले आणि सांगितले की कल्पनाखेळ हेच या गुणांचे कारण आहे असे म्हणण्याइतका पुरावा नाही. मोठ्यांचा सहवास, घरातली भाषा, मुलाचा मूळ स्वभाव यांपैकी कशाचाही तो परिणाम असू शकतो. लिलार्ड स्वतः माँटेसोरी शिक्षणाच्या अभ्यासक आहेत, हेही लक्षात ठेवावे. पण त्यांची हरकत पद्धतीवर उभी आहे आणि तिला नुसत्या उत्साहाने उत्तर देता येणार नाही. भातुकली खेळू द्यावी, कारण मुलाला ती आवडते. तेवढे कारण पुरे.

वेळ कुणी काढायचा

‘पालकांनी खेळावे’ या वाक्यातला कर्ता अनेकवचनी असला तरी काम बहुतेकदा एकवचनी होते. 2024च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार 15 ते 59 वयाच्या स्त्रियांपैकी 41 टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेण्यात दिवसाला सरासरी 140 मिनिटे घालवतात; पुरुषांत हे प्रमाण 21.4 टक्के आणि वेळ 74 मिनिटे. स्वयंपाक, धुणी, पाणी हे याच्या वेगळे. अशा दिवसांत ‘नवचेतना’च्या 140 कृती कोंबायच्या, तर त्या कुणाच्या वाट्याला येतील हे सांगायला नको. स्त्रीवादी अभ्यासक या सल्ल्याकडे साशंकतेने पाहतात ते यामुळेच. वर उल्लेखलेल्या 102 प्रयोगांच्या बेरजेतही पालकांचे नैराश्य कमी झाल्याचे स्पष्ट दिसले नाही. मुलाला मिळालेला फायदा आईपर्यंत आपोआप पोचत नाही. यावरचा व्यवहारी तोडगा कार्यक्रम आखणाऱ्यांनीच काढला आहे: वेगळा वेळ मागू नका, असलेल्या कामांत हाक आणि ओ पेरा. अंघोळ घालताना, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना. वाटीत वाटी बसवणे हा खेळ स्वयंपाकघरातच होतो. असा विचार केला की सेवाग्रामची वाट आणि प्रयोगांची वाट बऱ्याच अंतरापर्यंत एकच होते.

वडिलांबद्दलचा पुरावा कमी आहे, पण वाढतो आहे. 2020मध्ये आलेल्या एका आढाव्यात 78 अभ्यास एकत्र केले होते. वडील अंगाशी झोंबाझोंबी, उचलणे-फेकणे, पाठशिवणी असे खेळ जास्त खेळतात, आणि अशा खेळात मूल स्वतःच्या भावनांना आवर घालायला शिकत असावे, असे त्यातून सुचते. पण त्यातले बहुसंख्य अभ्यास पश्चिमेकडचे. वडीलधाऱ्यांसमोर आपले मूल उचलू नये हा संकेत ज्या घरांत अजून पुरता गेलेला नाही, तिथे वडिलांना खेळा म्हणण्याचा अर्थ वेगळा होतो.

मोबाइलच्या प्रश्नावर फार रेंगाळण्याचे कारण नाही, कारण तिथे शिफारशींमध्ये एकवाक्यता आहे. दोन वर्षांखालील बाळाला पडदा नको आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये सांगितले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची मर्यादाही दोन वर्षांपर्यंत शून्यच आहे. मोबाइल दाखवत घास भरवला की मूल जेवते खरे, पण हाक आणि ओ दोन्ही बंद पडतात. खेळाच्या संदर्भात पडद्याचे नुकसान मुख्यतः एवढेच, आणि तेवढे पुरेसे आहे.

अजून न सुटलेले

सर्वांत अवघड प्रश्न टिकाऊपणाचा. जमैकात फायदा मुले बावीस वर्षांची होईपर्यंत टिकला. कोलंबियात 96 गावांत 1,420 मुलांवर तसाच कार्यक्रम झाला, दीड वर्षाने आकलनात वाढ दिसली. कार्यक्रम संपून दोन वर्षे होईपर्यंत ती विरली होती. पाकिस्तानात सिंधमध्ये सरकारी आरोग्यसेविकांमार्फत झालेल्या प्रयोगात काही फायदे चौथ्या वर्षीही दिसत होते. एकाच बियाण्याचे पीक एका शेतात टिकते, दुसऱ्यात नाही. फरक कार्यक्रमाच्या दर्जात आहे, मुलांच्या मूळ कुपोषणात आहे, की पुढे मिळालेल्या शाळेत? उत्तर ठामपणे सांगता येत नाही. अनुमान एवढेच करता येते की पहिल्या तीन वर्षांतला खेळ पुढच्या चांगल्या बालवाडीची जागा घेऊ शकत नाही. 2020चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन वर्षांपासून पुढचा पायाभूत टप्पा शाळेशी जोडते. तीनच्या आधीचा काळ घरावर आणि अंगणवाडी सेविकेच्या गृहभेटीवर सोडलेला आहे. पोषण आहार, वजन-उंची आणि नोंदी भरणे यांतून तिच्याकडे खेळासाठी किती वेळ उरतो, यावर 140 कृतींचे भवितव्य अवलंबून राहील.

दुसरा प्रश्न मात्रेचा. किती खेळ पुरे? आठवड्याला एक भेट उपयोगी ठरली एवढे माहीत आहे, पण घरी आई रोज प्रत्यक्ष किती खेळली हे मोजणे कठीण, आणि कमीत कमी किती लागते याचा आकडा कुणाकडे नाही. ‘रोज वीस मिनिटे’सारखे सल्ले सोयीसाठी दिलेले आहेत, पुराव्यातून निघालेले नाहीत. सुस्थितीतल्या घरांबाबतचा पुरावा आणखी पातळ आहे. जिथे मुलाशी आधीच बोलले जाते, गोष्टी सांगितल्या जातात, बाहेर नेले जाते, तिथे आणखी खेळल्याने किती भर पडते? 102 प्रयोगांच्या बेरजेत श्रीमंत देशांतला लहान परिणाम पाहता, फार नसावी. अपराधी भावनेने खेळणाऱ्या शहरी आईबापांना यात थोडा दिलासा आहे.

तिसरा प्रश्न आपल्या घराचा, आणि आढाव्यातली सर्वांत मोठी पोकळी इथेच आहे. बहुतेक प्रयोग आई आणि मूल अशी जोडी धरून आखले गेले. अनेक हातांत वाढणाऱ्या मुलाला ओ देणारी माणसे चार असतील, तर आईने कमी खेळल्याने त्याचे काही बिघडते का? आजीचा प्रतिसाद आईच्या प्रतिसादाइतकाच उपयोगी असतो का? वाड्यातून फ्लॅटमध्ये गेलेल्या घराने नेमके काय गमावले, किती गमावले, आणि त्यातले काय आईबाप दोघांनी भरून काढता येते? महालासारख्या, जुनी रचना अजून पुरती मोडलेली नाही आणि नवी पुरती बसलेली नाही अशा वस्तीत या प्रश्नांचा अभ्यास जितका चांगला होईल तितका दुसरीकडे होणे अवघड. नागपूर आणि सेवाग्रामच्या वैद्यकीय आणि समाजशास्त्रीय संशोधकांनी तो हाती घ्यावा. हाती घेताना एका रकान्याकडे लक्ष द्यावे. युनिसेफच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या घरोघरच्या पाहणीत लहान मुलांबद्दल विचारतात की गेल्या तीन दिवसांत पुस्तक दाखवणे, गोष्ट सांगणे, गाणे म्हणणे, बाहेर नेणे, खेळणे आणि वस्तूंची नावे सांगणे वा मोजणे यांपैकी काय काय झाले आणि ते कुणी केले. उत्तराचे पर्याय आई, वडील आणि इतर. आजी, आजोबा, काकू, आत्या आणि मोठी बहीण हे सगळे त्या ‘इतर’मध्ये आहेत.